वीसचा फ्यूज

बाबा, परवा दुकानासमोर एक चार चाकांची स्कूटर येऊन थांबली. म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी एकेक जास्तीचं चाक जोडलेली, पाय गेलेल्या माणसांना करून देतात तशी. तिच्यावर तुमचा पोरगा बसला होता. डावा पाय गुडघ्याच्या वरपासून नाही, पँट दुमडून पिन लावलेली, कुबड्या पायाशी आडव्या. तोंडावर मात्र नवीन गाडी घेतलेल्या माणसाचं हसू. मला म्हणाला, "ताई, हिचा लाइट भल्ला मरतुकडा आहे. समोर दोन लाइट मारून दे ना. सोमवारपासून पावाची लाइन परत चालू करून राह्यलो." मी हातातला पेचकस खाली ठेवला, वायर बघते म्हणून आत गेले आणि फळीला धरून उभी राहिले. वायर समोरच खिळ्याला टांगलेली होती.

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी कधी बोलले नाही, फोटोपुढे हात जोडले की झालं. आज लिहायला बसले ते दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही म्हणून. आणि तुम्हाला तरी लिहून काय उपयोग, तुम्हाला वाचता कुठे येत होतं. बल्बच्या खोक्यावरचे आकडे तुम्ही वाचायचे आणि अक्षरं मी, असं दोघं मिळून आपण एक खोकं वाचायचो. वर लिहायला घेतलं की माझा हात शाळेतली भाषा लिहितो, तिला तुम्ही कायम हसायचे. हसा आता काय हसायचं ते. मला गेल्या आठ महिन्यांत कोणी मनापासून शिव्यासुद्धा दिल्या नाहीत. जो तो म्हणतो, भावासाठी किती करते बिचारी. ते ऐकलं की वाटतं, समोर हातपंप आहे त्याच्या दगडावर डोकं आपटावं.

दुकान आहे तिथंच आहे, देवळीच्या बसस्टँडच्या बाजूला. टिन बदलली, पण पावसात गळायची जागा तीच. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे आणि तिच्याखाली तुमचा फळा, काळा रंग मारलेला तो पत्रा. कोणी मोटारसायकलला जास्तीचे लाइट लावायला आला की तुम्ही हत्यार हातात घ्यायच्या आधी खडू घ्यायचे. गिऱ्हाईक बाकावर बसतं, त्याला घाई असते, आणि तुम्ही सावकाश आकडे मांडताय. हेडलाइट खातो एवढं, मागचा दिवा एवढं, इंडिकेटर, हॉर्न, आणि दुसऱ्या बाजूला इंजिनातली कॉइल जेवढी वीज बनवते तेवढं. मग त्याला म्हणायचे, "घरात भाकरी टाकणारी बाई एक, अन् तू खाणारे वाढवत चालला. तिनं कुठून आणावं?" वजाबाकी करून जे उरेल तेवढ्याचेच लाइट. उरत नसेल तर सरळ नाही म्हणायचे, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसरीकडे गेलं तरी. लावलेच तर त्यांना बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, आणि स्विचवर भार पडू नये म्हणून मध्ये एक रिले. कंपनीच्या वायरींचा जो जुडगा टाकीखालून जातो त्याला आपली वायर चिकटवायची नाही, ती दुसऱ्या अंगानं न्यायची. दिसायला बेंगरूळ दिसलं तरी चालेल.

आणि सगळं झाल्यावर तो चहा. गाडी चालू, सगळे लाइट चालू, आणि समोरच्या टपरीवरून दोन चहा यायचे, एक तुम्हाला आणि एक गिऱ्हाइकाला. तुम्ही बशीत ओतून फुंकत फुंकत प्यायचे, मुद्दाम वेळ लावायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, पेट्रोल जळून राह्यलं ना काका. तुम्ही ऐकायचे नाही. चहा संपला की हात पुसून बॅटरीपासून लाइटपर्यंत वायरीवरून तळहात फिरवायचे, तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असायचे. हाताला थंड लागली तरच गाडी बाकाच्या पुढे जायची. जराशी ऊन लागली की सगळं सोडून पुन्हा पहिल्यापासून. तालुक्यातली माणसं चेष्टा करायची की लाइट लावायचे असतील तर घरून चहा न पिता निघावं. मला लाज वाटायची तेव्हा. मीटर लावून बघतात लोक, आणि आपला बाप वायरीला ताप आला का ते बघतो.

तुम्ही मला एकदाच रागावले, ते आठवतं का? मी तेरा वर्षांची असेन. तुम्ही सामान आणायला वर्ध्याला गेलते आणि मी शाळा सुटल्यावर दुकानात बसले होते. एक माणूस आला, त्याच्या गाडीचा फ्यूज जळलेला. तेव्हा काचेचे फ्यूज होते. मला तसला दुसरा सापडला नाही, म्हणून मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद त्या जळक्या फ्यूजला गुंडाळला आणि बसवला. लाइट लखकन लागला. माणूस म्हणाला पोरगी हुशार आहे. तुम्ही आल्यावर मी नाचत नाचत सांगितलं. तुम्ही फक्त विचारलं कुठला होता. भिडीकडचा, मी म्हणाले. तुम्ही पिशवी तशीच खाली ठेवली, खिशात दोन फ्यूज टाकले आणि सायकल काढली. भिडी काय जवळ आहे? दिवेलागण होऊन गेल्यावर परत आलात, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. खिशातून तो चंदेरी कागद काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणालात, "फ्यूज उडते म्हणजे गाडी सांगून राह्यली का मले दुखून राह्यलं. तू तिचं तोंडच बांधलं." बस. मारलं नाही, ओरडला नाहीत. दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी मला वायरीत वीज येते का ते बघायचा एक टेस्ट लॅम्प दिलात, तुम्ही स्वतः केलेला. इंडिकेटरचा बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा, आणि धरायला लाल टेप गुंडाळलेली. म्हणालात, "इच्यानं विचारत जाजो तिले." टेप दोनदा बदलली मी. बल्ब किती बदलले त्याला गणती नाही. पण तो अजून माझ्याजवळ आहे.

ते दिलंत, पण दुकान नाही दिलंत. आता लिहायलाच बसले तर हेही लिहिते. दुकान पोराचं, असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचे. त्या पोराला वायर बघून झोप यायची. तुम्ही खाटेवर पडलात तेव्हा शटर मी उचललं, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेले होते तरी रोज सकाळी येऊन उचललं. तुम्ही शेवटच्या दिवसांतसुद्धा त्यालाच विचारायचे, दुकान उघडलं का रे. किल्ल्या माझ्या कमरेला, मी समोर उभी, आणि तो बिचारा माझ्याकडे बघून हो म्हणायचा. मला तुमचा राग होता, बाबा. अजून आहे. त्याचा मात्र कधी आला नाही, तो येण्यासारखा माणूसच नाही.

त्यानं पावाचं काम धरलं होतं. पहाटे उठून वर्ध्याजवळ सिंदी मेघेच्या बेकरीत जायचं, गाडीच्या दोन्ही बाजूंना पाव-टोस्टच्या पेट्या बांधायच्या आणि उजाडायच्या आत देवळीकडच्या चहाटपऱ्यांवर पोचवायचं. रस्ता तुम्हाला माहीत आहे. आता तो रुंद झाला, पण रोही, त्या घोड्याएवढ्या नीलगायी, तेवढ्याच आडव्या येतात, आणि हिवाळ्यात धुकं असं पडतं की आपल्याच गाडीचं पुढचं चाक दिसत नाही. गेल्या वर्षी त्यानं दोन एलईडी लाइट आणले. मी फळ्यावर मांडणी केली, उरत होतं. तुमच्यासारखेच लावले: वेगळी वायर, रिले, पाच अँपिअरचा फ्यूज, चहा. तीन महिने काही झालं नाही. मग थंडी पडली आणि तो आणखी दोन घेऊन आला, धुक्यासाठी पिवळे. मी त्याला फळा दाखवला. म्हटलं, तुझी कॉइल एवढं नाही देत, रोज पहाटे बॅटरी चाटून पुसून खाशील. तो हसला. म्हणाला, "वर्ध्यात त्या काचेच्या दुकानवाला तं म्हणते अर्ध्या घंट्यात लावून देतो. काऊन एवढा इशू करून राह्यली तू? जाऊ दे, तिकडंच जातो मी."

त्या वर्ध्याच्या दुकानाला बाहेर काच आहे, आत टीव्हीवर गाड्या फिरत असतात, पोरं तिथं फोटो काढतात. माझं गिऱ्हाईक वर्षभर तिकडेच चाललं होतं. परके गेले तर गेले, पण माझा भाऊ, ज्याच्या नावानं हे दुकान, तो पण बाई माणसाचं काम जुन्या पद्धतीचं म्हणून तिकडे जाणार? मी म्हटलं, आण इकडे. दुसरे दोन मी त्याच वायरीवर जोडले, दोन लाइटांसाठी घातलेल्या वायरीवर. आणि काम सफाईदार दिसावं म्हणून सगळी वायर टाकीखालच्या जुडग्याला टेपनं लपेटून टाकली. कुठून काय जातं कोणाला दिसू नये, काचेच्या दुकानासारखं. तो खूश. चौथ्या दिवशी परत आला, फ्यूज उडाला होता. सेल्फ पण उचलत नाही म्हणाला, किक मारावी लागते. गाडी एवढं सांगत होती, बाबा. दोनदा सांगत होती. मी पाचचा काढला आणि पिवळा वीसचा घातला, वायर जळाली तरी न उडणारा. गडबड होती, चहा मागवायचं राहून गेलं. तो म्हणाला, झालं? मी म्हटलं, झालं, जा.

नऊ दिवस चाललं. दहाव्या पहाटे एका टपरीवाल्याचा फोन आला. मी पोचले तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं आणि रस्त्यावर पाव पसरले होते, पांढरे, धुक्यात. लांब एक रोही मरून पडली होती. जमलेला जो तो मला सांगत होता, रोही आडवी आली, ताई, कोण काय करणार. पोलिसांनी तेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय काढला, आणि त्याच संध्याकाळी कोणीतरी भलेपणानं त्याची गाडी टेम्पोत घालून आणून दिली. कुठे आणणार, माझ्याच दुकानात.

मी शटर आतून ओढून टाकी काढली. टाकीखालचा सगळा जुडगा वितळून एक झाला होता, चुलीत पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखा. पडल्यानं वायर तुटते बाबा, हातभर लांब वितळत नाही. माझी वायर तापली होती, तिनं बाजूच्या कंपनीच्या वायरी जाळल्या होत्या, आणि त्या एकमेकींना लागून गाडीचा मूळ फ्यूज उडाला होता. म्हणजे जास्तीचे गेले, त्यांच्यासोबत मूळ हेडलाइट गेला, हॉर्न गेला, इंजिन गेलं, सगळं एका झटक्यात. धुक्यात, भरल्या गाडीवर, आंधळा केला त्याला मी. आणि माझा वीसचा फ्यूज बघितला तर शाबूत. नुकताच खोक्यातून काढल्यासारखा. मी जुडगा कापून काढला, पोत्यात घातला, आणि नवीन वायरिंग टाकून गाडी विकायला लावली. फ्यूज तेवढा गल्ल्याच्या डबीत आहे. कोणालाही सांगितलं नाही. त्याच्या बायकोला नाही, माझ्या नवऱ्याला नाही. विहारात दर पौर्णिमेला वंदनेला बसते आणि खोटं न बोलण्याचं शील सगळ्यांबरोबर म्हणते. जीभ जराही अडत नाही, याची मला भीती वाटते.

मी त्याचं सगळं केलं. ड्रेसिंगला नेलं, कुबड्या आणल्या, स्कूटरचे कागद केले. तो म्हणतो ताई होती म्हणून वाचलो. तुम्ही असता तर तुम्हाला वास आला असता, जळक्या वायरीचा. मला येतो. हात धुतले तरी येतो.

तर परवा तो बाकावर बसला आणि मी फळ्यावर मांडणी केली. स्कूटरची कॉइल बऱ्यापैकी आहे, पण मी एकच लाइट लावणार म्हटलं. त्यानं हुज्जत घातली नाही. म्हणाला, तुले ठीक वाटते तसं कर, तुह्याशिवाय मी कोणाच्या हातची वायर घालत नाई. मी जाड वायर काढली. जुडग्यापासून दूर, उघड्यावर, बेंगरूळ दिसेल अशी नेली. रिले घातला, फ्यूज पाचचा. स्क्रू दोनदा हातातून खाली पडला. त्यानं विचारलं, तब्येत बरी नाही का? मग गाडी चालू ठेवली आणि दोन चहा मागवले. तो बशीत ओतून प्यायला, अगदी तुमच्यासारखा, मला माहीतच नव्हतं तो असा पितो.

अर्धा चहा झाल्यावर त्यानं रस्त्याकडे बघत विचारलं, "ताई, त्या दिवशी लाइट पहिले गेले का रोही पहिले आली? मले आठोतच नाई. कधी कधी वाटते का पहिले एकदम अंधार झालता. मंग वाटते, धडकल्यावर झाला असन."

त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तो चिडला नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. सांगायला याहून बरी वेळ मला जन्मात मिळणार नाही. पण सोमवारी तो पुन्हा त्याच रस्त्यानं जाणार आहे, त्याच अंधारात, आणि जायची हिंमत त्याला आहे ती मी लावलेल्या वायरीच्या भरवशावर. ती पण काढून घेऊ का? की हे मी माझ्यासाठीच रचून राहिले? मला कळत नाही, बाबा. विचारलं असतं अशी एकच जागा होती, ती पंधरा वर्षांपूर्वी गेली.

"रोही," मी म्हणाले. "रोहीच पहिले आली."

तो म्हणाला, "मले वाटलंच. तुह्यं काम चुकत नाई." चहा संपवला, बशी खाली ठेवली. मी वायरीवरून तळहात फिरवला, बॅटरीपासून लाइटपर्यंत. थंड होती. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला तेव्हा तो हसायला लागला, बाबाच्या वरताण झाली तू म्हणाला, आणि हळूहळू बसस्टँडच्या वळणावरून निघून गेला.

आज सोमवार. तो सकाळी सुखरूप घरी आला, तसा फोन आला होता. उद्या पुन्हा जाईल. मी रोज पहाटे उठून फोनकडे बघत बसणार, आता आयुष्यभर हेच. हा कागद मी कुठे पाठवणार? घडी करून त्या डबीत, फ्यूजच्या खाली ठेवते.

एक दुरुस्ती करायची राहिली. वर लिहिलं की गडबड होती आणि चहा मागवायचं राहून गेलं. आठ महिने मी स्वतःलासुद्धा तेच सांगितलं. दुकानात त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं. चहा मागवला होता. दोघांनीही प्यायला. मी हात पुसून वायरीवरून फिरवला होता, बाबा, आणि ती गरम लागली होती.